जुनी स्पोर्ट्स कार घेतली आणि सस्पेन्शन बदललेलं निघालं: कुठून सुरुवात करायची?

स्पोर्ट्स कारचा पहिला मालक सहसा ती आहे तशी चालवतो. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाचे हात शिवशिवतात. चाकं बदलतात, सायलेन्सर बदलतो, गाडी दोन बोटं खाली येते. विकायची वेळ आली की चाकं आणि सायलेन्सर दिसतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलणं होतं. सस्पेन्शन चाकामागे दडलेलं असतं. एका फेरीत गाडी जरा कडक लागते, विकणारा म्हणतो "स्पोर्ट्स कार आहे, कडकच असणार", आणि तेही पटतं. मग आठवडाभर रोज चालवल्यावर गतिरोधकावर पोट घासायला लागतं, वळणात मधेच दणका बसतो, नवे टायर आतल्या बाजूनं गुळगुळीत व्हायला लागतात.

अशा वेळी पहिली इच्छा होते ती सगळं काढून मूळ सामान बसवायची. थोडं थांबा. बदललेला भाग म्हणजे वाईट भाग, असं नसतं. बऱ्याचदा भाग चांगला असतो, पण तो बसवल्यावर करायचं बाकीचं काम कुणी केलेलंच नसतं: अलाइनमेंट (चाकांचे कोन नीट लावणं), योग्य बम्प स्टॉप, योग्य लांबीच्या लिंक, उंची दोन्ही बाजूंना सारखी करणं. म्हणून आधी बघा, मोजा, काय बसवलंय ते नावानिशी ओळखा. पाना त्यानंतर.

आधी एवढं समजून घ्या

स्प्रिंग गाडीचं वजन तोलते आणि रस्त्याचा धक्का पोटात घेते. शॉकअब्सॉर्बर, म्हणजे आपला शॉकअप, त्या स्प्रिंगची उसळी आवरतो. दोघांची जोडी जमलेली असावी लागते. स्प्रिंग कडक आणि शॉकअप मऊ असेल तर गाडी उड्या मारत राहते; शॉकअप फार कडक असेल तर चाक रस्ता सोडतं. शॉकअपच्या दांड्यावर रबराचा किंवा फोमचा एक ठोकळा असतो, तो बम्प स्टॉप. सस्पेन्शन पूर्ण दबलं की धातूवर धातू आपटू नये म्हणून तो असतो.

गाडी खाली आणली की दबायला उरलेली जागा कमी होते. खाली आणणाऱ्या स्प्रिंगा साधारण २० ते ४० मिलिमीटर उंची घटवतात. मूळ गाडीत दबण्यासाठी ७०-८० मिलिमीटर असतील, तर त्यातली पाव ते निम्मी जागा अशीच गेली. मग साध्या खड्ड्यातही गाडी बम्प स्टॉपवर बसते आणि चालवणाऱ्याला वाटतं की स्प्रिंगच फार कडक आहे. प्रत्यक्षात तो स्प्रिंगवर नाही, रबराच्या ठोकळ्यावर बसून गाडी चालवत असतो.

पायरी १: गाडी चालवण्याजोगी आहे का?

हे त्याच दिवशी बघा. चारही चाकं हवेत येतील अशी लिफ्ट मिळाली तर उत्तम. घरी करत असाल तर गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

चाक लटकलेलं असताना स्प्रिंग हातानं हलवून बघा. ती खालच्या-वरच्या बैठकीत पक्की बसलेली हवी. सैल होऊन फिरत असेल, तर एखाद्या उंचवट्यावर चाक हवेत गेल्यावर ती जागेवरून सरकू शकते. असं मुख्यतः कापलेल्या किंवा चुकीच्या लांबीच्या स्प्रिंगमुळे होतं.

मग ब्रेकचा होस आणि एबीएसची वायर बघा. मूळ शॉकअपवर त्यांच्यासाठी छोटी पट्टी असते. बाहेरून आणलेल्या शॉकअपवर ती नसेल, तर बसवणाऱ्यानं प्लास्टिकच्या टायनं काम भागवलेलं असतं. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. होस ताणला जात नाही ना, टायरला लागत नाही ना, ते पाहा. शॉकअपमधून तेल गळतंय का, वरच्या माऊंटचा (शॉकअपचं वरचं टोक गाडीला जोडणाऱ्या भागाचा) नट आहे का, खालचे बोल्ट घट्ट आहेत का, टायरची आतली कड तारा दिसेपर्यंत झिजली आहे का, हेही बघा. टायरची आतली कड उभ्यानं दिसत नाही. वाकून, हात फिरवूनच कळते.

सैल स्प्रिंग, घासलेला ब्रेक होस, तारा दिसणारा टायर किंवा कापलेली स्प्रिंग, यातलं एकही सापडलं तर गाडी उभी करा. बाकी गोष्टींना वेळ देता येतो.

पायरी २: चाक न काढता काय कळतं

सपाट जागी गाडी उभी करा, स्टिअरिंग सरळ ठेवा, टायरमध्ये ठरलेली हवा भरा. चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांवर मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरचा आकार बदललेला असेल तर आकडा फसवतो. मूळ उंची त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळते. डाव्या-उजव्या बाजूत पाच-सात मिलिमीटर फरक असला तर घाबरण्याचं कारण नाही. १५-२० मिलिमीटर असेल तर उंची नीट लावलेली नाही, स्प्रिंग तुटलेली आहे, किंवा गाडी कधीतरी ठोकलेली आहे.

मग टायरवर आडवा तळवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखा लागला, तर टो बिघडलेला आहे. म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली आहेत. आतली कड सरळ, गुळगुळीत झिजलेली असेल, तर कॅम्बर जास्त आहे. समोरून पाहिलं तर चाकाचा वरचा भाग आत झुकलेला. टायर खाण्यात टो कॅम्बरपेक्षा कितीतरी पुढे असतो, हे ध्यानात असू द्या. आत झुकलेलं चाक पाहून लोक कॅम्बरला दोष देतात आणि खरा चोर तसाच राहतो.

चालवताना आवाजाकडे लक्ष द्या. हळू वेगात, खडबडीत रस्त्यावर हलका 'टक टक' आवाज येत असेल तर बहुधा स्टॅबिलायझर बारची (वळणात गाडीचं कलणं कमी करणाऱ्या आडव्या दांड्याची) लिंक रॉड किंवा वरच्या माऊंटमधलं धातूचं बेअरिंग. एकच जाड 'धप्प' आवाज म्हणजे बम्प स्टॉप. स्टिअरिंग वळवताना 'टंग' असा आवाज येऊन हाताला झटका लागत असेल, तर स्प्रिंग वरच्या माऊंटमध्ये अडकून एकदम सुटते आहे. गाडी रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमागे धावत असेल, तर टो, रुंद टायर किंवा चाकामागचे स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या), तिन्हीपैकी काहीही असू शकतं. बोनेट दाबून गाडी किती वेळा डोलते हे बघायची जुनी रीत अशा कडक गाडीवर फारशी उपयोगाची नाही.

पायरी ३: चाक काढा आणि नेमकं काय आहे ते ओळखा

इथे घाई करू नका. फोनचा कॅमेरा आणि टॉर्च घ्या. काही खोलण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचे भरपूर फोटो काढा. पुढे विकणाऱ्याशी बोलताना आणि भाग परत बसवताना हेच कामाला येतात.

सगळ्यात आधी स्प्रिंगचं टोक बघा. कारखान्यातून आलेल्या स्प्रिंगचं टोक बैठकीत बसेल असं घडवलेलं असतं, कुठे सपाट, कुठे आत वळवलेलं. ते टोक ग्राइंडरनं सरळ कापलेलं दिसलं, तर कुणीतरी फुकटात गाडी खाली आणली आहे. कापलेली स्प्रिंग नुसती बुटकी होत नाही, कडकही होते. स्प्रिंगची ताठरता तिच्या कामाच्या वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. सहा वेटोळ्यांतलं एक कापलं की ताठरता २० टक्क्यांनी वाढते. बैठक बिघडते ती वेगळीच. आणखी वाईट प्रकार म्हणजे स्प्रिंग गॅसच्या ज्योतीनं तापवून खाली बसवणं. त्यानं पोलादाचं पाणी जातं. रंग जळलेला, एका जागी वेटोळी एकमेकांजवळ आलेली दिसली तर समजा. या दोन्ही प्रकारांवर चर्चा नको, स्प्रिंग बदलायची.

टोक ठीक असेल तर रंग बघा. बिल्स्टाइनचे शॉकअप अनेकदा पिवळे असतात, कोनीचेही, ओलिन्सचे सोनेरी, टाइनचे हिरवे. एच अँड आरच्या स्प्रिंगा निळ्या असतात, केडब्ल्यूच्या जांभळ्या. पण रंगावर शेवटचा विश्वास ठेवू नका, रंगाचा डबा कुणालाही मिळतो. खरी ओळख छापलेल्या क्रमांकात असते. चिखल पुसून तो वाचा, फोटो काढा, कंपनीच्या यादीत शोधा. तो भाग तुमच्या मॉडेलसाठीच आहे की 'बसतोय ना' म्हणून दुसऱ्याच गाडीचा घातलाय, हेही त्यावरूनच कळतं.

शॉकअपच्या अंगावर आटे असतील आणि स्प्रिंगची बैठक त्या आट्यांवर फिरत असेल, तर ते कॉइलओव्हर. त्यात सरळ नळकांड्यासारखी स्प्रिंग असेल तर तिच्यावर ताठरता लिहिलेली असते, फक्त वाचता यायला हवी. आयबाखच्या रेसिंग स्प्रिंगवर '०७००.२५०.०५००' असं काही असेल, तर ७ इंच लांबी, २.५ इंच आतला व्यास आणि एका इंचाला ५०० पौंड ताठरता. स्विफ्टच्या स्प्रिंगवर 'झेड ६५-१७८-१००' असेल तर ६५ मिलिमीटर आतला व्यास, १७८ मिलिमीटर लांबी, एका मिलिमीटरला १० किलो. दोन मापांची तुलना करायची तर एका मिलिमीटरला १ किलो म्हणजे एका इंचाला सुमारे ५६ पौंड. म्हणजे ही दुसरी स्प्रिंग ५६० पौंडांची झाली. हा आकडा मूळ स्प्रिंगच्या आकड्याशेजारी ठेवा. दीडपट असेल तर रोजच्या वापराला चालून जातं. तिप्पट-चौपट असेल तर गाडी ट्रॅकसाठी बांधलेली होती, मग विकणारा काहीही सांगो.

कॉइलओव्हरच्या कड्या फिरतात का तेही बघा. पोलादी आट्यांवर ॲल्युमिनियमची कडी आणि त्यात पाणी-मीठ गेलं की दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात. अशी कडी हातोडीनं ठोकून फिरवलेल्या खुणा बऱ्याचदा दिसतात. तारेच्या ब्रशनं आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल मारून एक रात्र ठेवा, मग योग्य मापाचा आकडी पाना लावा.

यानंतर आजूबाजूला नजर फिरवा. बुश (सांध्यांत बसवलेल्या लवचिक नळ्या) मूळ रबराचे आहेत की चमकदार रंगाचे पॉलियुरेथेनचे? पॉलियुरेथेनचे बुश ग्रीस सुकलं की कुरकुरतात. स्टॅबिलायझर बार जाड घातलाय का? त्याच्या लिंक रॉड उंचीप्रमाणे बदलल्या आहेत का, की जुन्याच तिरक्या ओढल्या आहेत? खालच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बदलण्यासाठी घालतात तो बारीक दांड्याचा कॅम्बर बोल्ट आहे का? फेंडरची आतली कड दुमडलेली, तिथला रंग तडकलेला आहे का? बोनेट उघडून शॉकअपच्या वरच्या माऊंटभोवतीचा पत्रा वर फुगलाय का? गाडी वारंवार बम्प स्टॉपवर आपटली की तो धक्का सरळ या पत्र्यात जातो. बीएमडब्ल्यूच्या १९९८ नंतरच्या ई४६ मालिकेत मागच्या सबफ्रेमच्या (मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीच्या) माऊंटभोवती पत्रा चिरण्याचं दुखणं सगळ्यांच्या परिचयाचं आहे. अशा गाडीत कडक सस्पेन्शन निघालं तर ती जागा आधी तपासून घ्या.

गाडीला मुळात इलेक्ट्रॉनिक शॉकअप असतील, तर त्यांच्या वायरी कुठे गेल्या ते शोधा. साधे शॉकअप बसवल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि तो विझवायला वायरच्या तोंडाशी एक छोटा डबा जोडतात. तो दिसला तर एक कळलं: मूळ सेटकडे परत जायचं म्हणजे चार महागडे शॉकअप घ्यायचे.

पायरी ४: हे कारखान्यातूनच आलेलं नाही ना?

ही पायरी लोक गाळतात आणि मग मूळ भाग 'मूळ' करण्यासाठी पैसे घालतात. स्पोर्ट्स कारमध्ये कंपनीनंच दोन-तीन प्रकारची सस्पेन्शनं दिलेली असतात. पोर्शच्या ९११ आणि बॉक्सस्टरमध्ये स्पोर्ट सस्पेन्शनचा पर्याय 'एम०३०' या संकेतानं येत असे. माझ्दा एमएक्स-५ ला १९९४ पासून आर पॅकेजमध्ये कारखान्यातूनच बिल्स्टाइनचे शॉकअप होते. पिवळा शॉकअप दिसला म्हणून तो बाहेरचा ठरत नाही.

चॅसिस क्रमांकावरून अधिकृत विक्रेत्याकडे मूळ भागांची यादी निघते. अनेक गाड्यांत पर्यायांचे संकेत असलेला स्टिकर बोनेटखाली, डिकीत किंवा सर्व्हिस बुकात असतो. शॉकअपवरचा क्रमांक त्या यादीशी जुळवा. जुळला तर मूळच आहे, आणि मग दुखणं बहुधा वयाचं असतं.

पायरी ५: विकणाऱ्याशी बोला, पण नेमकं

भांडणानं सुरुवात केली तर माहिती बंद होते. चार गोष्टी विचारा: कोणता सेट आहे, कधी आणि कुणी बसवला, बिल आहे का, आणि मूळ सामान कुठे आहे. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. मूळ स्प्रिंगा आणि शॉकअप बऱ्याचदा कुणाच्या तरी गॅरेजमध्ये धूळ खात पडलेले असतात आणि मालक ते आनंदानं देऊन टाकतो.

गाडी 'पूर्ण मूळ स्थितीत' असं सांगून विकली असेल, तर ती जाहिरात, झालेले मेसेज आणि तुमचे फोटो जपून ठेवा. अशा तक्रारीची मुदत आणि रीत देशागणिक वेगळी असते, व्यापाऱ्याकडून घेतली की खासगी माणसाकडून यानंही फरक पडतो. म्हणून भाग काढण्याआधीच चौकशी करा. पुरावा खोलून ठेवल्यावर बाजू लंगडी पडते. विमा कंपनीला बदल कळवणंही याच आठवड्यात उरका. बदल तुम्ही केला नाही, हे सांगून दाव्याच्या वेळी सुटका होईलच असं नाही.

पायरी ६: अलाइनमेंटचा कागद

काहीही बदलण्याआधी गाडी चारही चाकांच्या अलाइनमेंट मशीनवर घाला आणि सांगा की फक्त मोजा, लावू नका. 'आधीचे आकडे' असलेला छापील कागद मागून घ्या. हा कागद गाडीची पत्रिकाच आहे असं समजा. पुढचे सगळे निर्णय यावरून.

कॅम्बर बघा. रस्त्यावरच्या बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये तो उणे अर्धा ते उणे दीड अंशाच्या आसपास असतो. उणे अडीच ते साडेतीन दिसला तर कुणीतरी ट्रॅकसाठी लावलाय, किंवा गाडी खाली आणून तो आपोआप झालाय. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर कारण शोधा. टोचे आकडे कंपनीच्या मर्यादेत आहेत का, मशीन स्वतःच लाल-हिरव्या रंगात दाखवतं. मागच्या चाकांचा टो नजरेआड करू नका. गाडी सरळ राहते ती मागच्या चाकांमुळे.

खाली आणलेल्या गाडीत हे आकडे का बिघडतात? सस्पेन्शनचे आर्म, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्या, गोलाकार मार्गानं फिरतात, त्यामुळे उंची बदलली की चाकाचा कोनही बदलतो. किती, ते रचनेवर. होंडा एस२००० च्या सुरुवातीच्या गाड्यांत मागचं चाक वर दबलं की टो बराच बदलतो. २००४ च्या मॉडेलमध्ये होंडानं मागची रचना बदलून हे कमी केलं. अशी जुनी एस२००० खाली आणून अलाइनमेंट न करणं म्हणजे मागच्या टायरांना सुट्टीच नाही. उलट एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांत चारही चाकांचा कॅम्बर आणि मागच्या चाकांचा टो एक्सेंट्रिक बोल्टांनी (फिरवले की आर्म सरकवणाऱ्या बोल्टांनी) लावता येतो, त्यामुळे थोडी खाली आलेली गाडीही नीट बसवता येते; अट एकच, ते बोल्ट गंजून जाम झालेले नसावेत.

मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे वरच्या आर्मऐवजी शॉकअपच चाकाला वरून धरतो अशा, गाड्यांचं आणखी एक गणित आहे. खालचा आर्म चाकाच्या बाजूला किंचित खाली उतरता असावा. गाडी फार खाली आणली की तो उलटा, वर चढता होतो. त्यामुळे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगानं खाली जातो, आणि गाडी खाली येऊनही वळणात कलण्याची तिची ओढ वाढते. मग ती ओढ दाबायला आणखी कडक स्प्रिंग लागते. गाडी दिसायला बसकी आणि चालवायला बेकार होते ती अशी. पुढून वाकून आर्मचा उतार बघितला तर हे एका मिनिटात कळतं.

पायरी ७: ठेवायचं, सुधारायचं की परतायचं

माझं मत सरळ सांगतो. सगळ्यात वाईट आणि सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार म्हणजे खाली आणणाऱ्या स्प्रिंगा आणि त्याखाली गाडीबरोबर म्हातारे झालेले मूळ शॉकअप. शॉकअप त्या स्प्रिंगसाठी नाहीत, त्यांची दबण्याची जागा संपलेली आहे, आणि आयुष्यही. इथे फक्त शॉकअप बदलून पैसे घालू नका; स्प्रिंगसकट पूर्ण जोडी मूळ मापाची घ्या.

अनोळखी, क्रमांक नसलेला, सुटे भाग न मिळणारा स्वस्त कॉइलओव्हर सेट काढावा. एक शॉकअप गळाला की चारही बदलायचे आहेतच.

नावाजलेला सेट असेल आणि गळत नसेल, तर मात्र काढण्याआधी एक संधी द्या. आधी आत्ताची सेटिंग लिहून ठेवा: समायोजनाची खुंटी घड्याळाच्या दिशेनं पूर्ण बंद होईपर्यंत किती 'टिक' फिरते ते मोजा आणि प्रत्येक कोपऱ्याचं टिपून घ्या. चार कोपऱ्यांवर चार वेगळे आकडे निघणं यात काही नवल नाही. मग उंची कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेत वर घ्या, चारही शॉकअप मधल्या सेटिंगवर आणा, अलाइनमेंट करा आणि चालवून बघा. पुष्कळदा गाडी ओळखू येत नाही इतकी सुधारते.

दोन गैरसमज इथेच दूर करून घ्या. शॉकअप एकदम मऊ केला की गाडी आरामदायी होते, हे कडक स्प्रिंगच्या बाबतीत खरं नाही. स्प्रिंगला आवरणारं कुणी राहत नाही आणि गाडी डोलते. आणि सरळ स्प्रिंगची बैठक आट्यांवर वर चढवली म्हणून स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त उंच होते.

दबण्याची जागा पुरते का, हे बघायला शॉकअपच्या दांड्यावर प्लास्टिकचा छोटा टाय हलक्या हातानं बांधा, खाली सरकवून ठेवा आणि नेहमीच्या रस्त्यावर चालवून या. टाय बम्प स्टॉपपर्यंत जाऊन चेपलेला निघाला, तर गाडी अजून वर हवी किंवा स्प्रिंग चुकीची आहे. टाय सैलसर हवा, दांड्याला ओरखडा पडला तर तेलाचं सील जातं.

स्प्रिंग फार कडक असल्याचं वर कळलंच असेल, तर तोच शॉकअप ठेवून मऊ स्प्रिंग घालता येते का, हे सेटच्या निर्मात्याला विचारा. ते स्वतःच सांगतात की त्यांचा शॉकअप कोणत्या ताठरतेपर्यंत नीट काम करतो.

पायरी ८: मूळ सस्पेन्शन परत बसवताना

सामानाची यादी चॅसिस क्रमांकावरून काढा. एकाच मॉडेलमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि इतर सोयींच्या वजनाप्रमाणे वेगवेगळ्या स्प्रिंगा असतात, ओळखायला त्यांच्यावर रंगाचे ठिपके असतात. स्प्रिंगा आणि शॉकअप नेहमी एका ॲक्सलवर जोडीनं. यादीत लोक विसरतात ते हे: बम्प स्टॉप, धुळीचं कव्हर, स्प्रिंगखालची आणि वरची रबरी गादी, वरचं माऊंट आणि त्याचं बेअरिंग, स्टॅबिलायझरच्या मूळ लांबीच्या लिंक रॉड, आणि नवे सेल्फ-लॉकिंग नट. विकणाऱ्यानं मूळ सेट दिला तरी बम्प स्टॉप कापलेले नाहीत ना, बघून घ्या. खाली आणताना ते सर्रास कापतात.

मूळ स्प्रिंग शॉकअपवर दाबून बसवलेली असते. ती सुटली तर जीव घेऊ शकते. चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि सवय दोन्ही नसेल, तर हे एवढं काम गॅरेजमधून करून घ्या आणि जोडलेला शॉकअप घरी आणून बसवा. दांड्यावरचा वरचा नट हवेच्या बंदुकीनं सोडवू नका, दांडा आत फिरतो आणि सील खराब होतं.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी लटकलेली असताना पूर्ण आवळायचे नाहीत. रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. लटकत्या स्थितीत आवळलं तर गाडी जमिनीवर आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं, उंची चुकीची दिसते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. बोल्ट हाताला लागेपर्यंत बसवा, चाकांवर वजन आणा, गाडी थोडी हलवून बसू द्या, आणि मग मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्यानं आवळा. जागा नसेल तर खालच्या आर्मला जॅक लावून तो चालत्या उंचीइतका उचला.

ब्रेक होस आणि एबीएसची वायर त्यांच्या मूळ पट्ट्यांत परत बसली आहे का बघा. चाकाचे नट ठरल्या टॉर्कवर आवळा आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, त्यामुळे अंतिम अलाइनमेंट काही दिवस चालवून झाल्यावर करा. तोपर्यंत टो साधारण सरळ असेल एवढं पाहून घ्या.

उंची बदलली की हेडलाइटचा झोतही बदलतो. काही गाड्यांत सस्पेन्शनच्या आर्मला छोट्या दांडीनं जोडलेला उंचीचा सेन्सर असतो आणि झोत त्यावरून ठरतो. आधीच्या मालकानं ती दांडी वाकवली असेल तर सरळ करा किंवा बदला. नव्या गाडीत पुढच्या काचेमागे कॅमेरा असेल, तर अलाइनमेंटनंतर त्याचं कॅलिब्रेशन लागतं का, हे मॅन्युअलमध्ये बघा. स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सरही शून्यावर आणून घ्या, नाहीतर अलाइनमेंट अचूक होऊनही स्थिरता नियंत्रणाचा दिवा लागतो.

काढलेला सेट चांगल्या कंपनीचा असेल तर पुसून, क्रमांकाच्या फोटोसह, नट-बोल्टांची पिशवी बांधून ठेवा. त्याला गिऱ्हाईक मिळतं आणि मूळ सामानाचा बराच खर्च त्यातून निघतो. विकताना स्प्रिंगची ताठरता आणि शॉकअपची अवस्था स्पष्ट लिहा. कापलेल्या किंवा तापवलेल्या स्प्रिंगा मात्र कुणाला फुकटही देऊ नका. ग्राइंडरनं दोन तुकडे करा आणि भंगारात टाका.